पाट, खिळे आणि तारा

नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम जिथे होतो, त्या टोकावर नरसिंहपूर वसले आहे. पुणे जिल्ह्याची भूमी येथे संपते. पाण्यापलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस आणि माढा हे तालुके सुरू होतात. भक्त प्रल्हादाने या संगमावर वाळूची मूर्ती घडवून नरसिंहाची उपासना केली, अशी परंपरा आहे आणि महाराष्ट्रातील अनेक घराणी येथील लक्ष्मीनृसिंहाला कुलदैवत मानतात. दगडी घाट, वर मंदिर आणि खाली संथ वाहणारे पाणी पाहताना दुसऱ्या धर्माच्या पाहुण्याचेही मन नम्र होते.

मागच्या खेपेस तेथे गेलो असता माझे लक्ष रस्त्याकडेच्या एका चराने वेधून घेतले. चरात बोटाएवढ्या जाडीची काळी नळी पुरण्याचे काम चालले होते. नळीच्या पोटात काचेचे तंतू होते आणि त्या तंतूंतून गावोगावी इंटरनेट जाणार होते. चर खणणारे मजूर आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे होते. तंतूंना तंतू जोडणारा तंत्रज्ञ मात्र दूरच्या शहरातून येणार होता आणि तो येईपर्यंत काम थांबले होते. मजूर लिंबाच्या सावलीत बसून त्याची वाट पाहत होते.

खणणारे हात इथले आणि जोडणारे हात बाहेरचे. ही विभागणी आजची नाही, तिला मोठा इतिहास आहे. तो इतिहास आपल्या ख्रिस्तसभेलाही काही शिकवतो, म्हणून तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

तीन प्रमाणपत्रे

त्याच सुमारास इंदापूर तालुक्यातील एक तरुण आपल्या आईसह माझ्याकडे आला. आई खुरपणीला, ऊसलागणीला रोजाने जाणारी. मुलगा बारावी झालेला. त्याच्या हातातील पिशवीत तीन प्रमाणपत्रे होती. तिसरे प्रमाणपत्र कॉम्प्युटर नेटवर्किंगचे होते आणि त्याच्या फीसाठी आईने बचत गटातून कर्ज काढले होते. पुण्यातील एखाद्या कंपनीसाठी त्याला माझे शिफारसपत्र हवे होते. मी सहज विचारले, “केबलच्या टोकाला तो पारदर्शक प्लग बसवतात, तो तू स्वतः कधी बसवला आहेस का?”

तो खाली पाहत म्हणाला, “नाही फादर. सरांनी फळ्यावर काढून दाखवला होता. क्लासमध्ये पक्कड एकच होती, ती कपाटात असायची.”

आई म्हणाली, “फादर, कागद लई झाले. काम कुठाय?”

त्या माउलीचा प्रश्न मला फार लागला, कारण तसाच अपराध माझ्याही हातून घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी मी एका धर्मग्रामात देणगीतून दहा संगणकांची खोली उभी केली होती. आशीर्वादाचा विधी झाला, फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. मुलांना आम्ही मराठी टंकलेखन शिकवले, पत्र लिहायला शिकवले, चित्रे रंगवायला शिकवले. पहिल्याच पावसाळ्यात विजेचा दाब वाढून तीन यंत्रे बंद पडली. दुरुस्तीसाठी माणूस यायला दोन महिने लागले. दुसऱ्या वर्षी आणखी काही यंत्रे गेली आणि तिसऱ्या वर्षी खोलीला कुलूप लागले. दहा यंत्रे होती. पण त्यांतील एक उघडून पाहण्याचे धैर्य असलेला किंवा ती दहा एकमेकांना जोडून दाखवील असा एकही विद्यार्थी आम्ही घडवला नव्हता. आम्ही त्यांना यंत्राचे गिऱ्हाईक बनवले, कारागीर बनवले नाही.

खिळ्यांचा धडा

मराठी ख्रिस्ती साहित्याचा आरंभच मुळी या उणिवेच्या सावलीत झाला आहे. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ साली गोव्यात उतरले. ते जेझुइट धर्मगुरूंबरोबर आले होते आणि खरे म्हणजे अ‍ॅबिसिनियाला जायचे होते, ते गोव्यातच राहिले. पुढे १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. देशी भाषेतील पुस्तके देशी लिपीत छापावीत, अशी त्यांची फार वर्षांची इच्छा होती. १६०८ साली रोमला पाठवलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखवली आणि अडचणही सांगितली. युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात. येथे जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील आणि ते अशक्यप्राय मानले जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

परिणाम असा झाला की, १६१६ साली क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी, छंद ओवी, वाचक येथलेच. अक्षरे मात्र परकी. यंत्र होते, कागद होता, प्रतिभावान कवी होता. नव्हता तो खिळे पाडणारा कारागीर. मुद्रणयंत्र येऊन तेव्हा साठ वर्षे झाली होती. त्या साठ वर्षांत मराठी अक्षरांचे साचे पाडू शकतील असे पाच-सहा तरुण तयार झाले असते, तर मराठी मुद्रणाचा इतिहास दोन शतके आधी सुरू झाला असता.

ही कोंडी फुटली ती एकोणिसाव्या शतकातील मुंबईत. अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट बांधवांनी तेथे छापखाना चालवला आणि थॉमस ग्रॅहम यांनी मराठी अक्षरांचे सुबक साचे तयार केले. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्यापुढची आहे. गणपत कृष्णाजी हे त्या छापखान्यात काम पाहून, शिकून बाहेर पडले. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग लोकांच्या हाती दिले. जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा लहान वयात मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागला. तेथे ग्रॅहम यांच्या हाताखाली तो खिळ्यांचे काम शिकला. १८६४ साली त्याने स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना सुरू केला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या देवनागरी खिळ्यांची ख्याती पुढे देशभर पसरली. मिशनच्या छापखान्यात शिकलेल्या हातांनी पंचांगे छापली, संस्कृत ग्रंथ छापले. खऱ्या प्रशिक्षणाची खूण हीच होय. शिकणारा आपल्या गुरूच्या हेतूपलीकडे जाऊ शकतो, इतके कसब त्याच्या हाती येते.

खिळे घासणे हे छापखान्यातील सर्वांत खालचे काम. आजच्या भाषेत ती ‘एन्ट्री लेव्हल’ नोकरी. पण त्या कामातून वर जाणारा जिना होता, कारण शेजारी उस्ताद होता आणि समोर खरा खिळा होता.

पाटाचा धडा

आता आपल्या संगमाकडे परत येऊ. नरसिंहपूरच्या वरच्या अंगाचा हा सारा मुलूख एके काळी दुष्काळी होता. १८७६ च्या भीषण दुष्काळात लोकांना काम द्यावे म्हणून नीरा डाव्या कालव्याची खुदाई हाती घेण्यात आली आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी खेळू लागले. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील ऊस, गूळ आणि पुढे सहकारी साखर कारखाने यांच्या मुळाशी हे पाणी आहे.

कालवा म्हणजे नुसता पाण्याचा ओघ नसतो, ते जाळे असते. मुख्य कालव्यातून फाटे निघतात, फाट्यांतून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतातले पाट. पाणी कोणाला, कधी, किती द्यायचे, याची शेजपाळी ठरलेली असते. ती पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी मोजणीदार असतो, दारे उघडणारा पाटकरी असतो. आराखडा कागदावर कितीही सुंदर असो, पाटकऱ्याला आपल्या चारीचा चढउतार, गळती आणि तुंबण्याच्या जागा ठाऊक नसतील, तर टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचत नाही. टेलच्या शेतकऱ्याचे दुःख इंदापूर तालुक्याला नव्याने सांगायला नको.

हा कालवा ज्यांनी खणला ते दुष्काळाने गांजलेले येथलेच लोक होते. कालवा आखणारे, पातळी मोजणारे आणि अधिकाराच्या खुर्चीवर बसणारे दुसरे होते. चरात नळी पुरणाऱ्या मजुरांचे पणजोबा त्या खुदाईवर असू शकतील, हा विचार संगमावर उभा असताना मनात आला आणि तो सहजासहजी जाईना.

बारामतीच्या इतिहासात व्यवसायशिक्षणाचे आणखी एक पान आहे आणि ते मिटून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवले. हा कायदा पुढे मुंबई इलाख्यात लागू झाल्यावर ठिकठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना लोक ‘सेटलमेंट’ म्हणत. बारामतीतही अशी एक वसाहत होती आणि तिची व्यवस्था ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या प्रोटेस्टंट मिशनकडे होती. अशा वसाहतींत मुलांना अक्षरे शिकवली जात, मोठ्यांना धंदे शिकवले जात आणि त्याच माणसांना हजेरीही द्यावी लागे. त्या मिशनरींपैकी अनेकांचा हेतू शुद्ध होता, यात मला संशय नाही. तथापि कसब देणारा हात आणि बांधून ठेवणारा हात एकच झाला की, शिक्षणाचे रूपांतर बंदिवासात होते. देश स्वतंत्र झाल्यावर १९५२ साली हा कायदा रद्द झाला. त्याचा धडा मात्र रद्द झालेला नाही. शिकणाऱ्याची प्रतिष्ठा आधी आणि कसब नंतर, हा तो धडा.

तुरिनमधील एक कागद

या ठिकाणी संत जॉन बॉस्को यांची आठवण अपरिहार्यपणे होते. १८१५ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेले हे धर्मगुरू तुरिन शहरात काम करीत होते, तेव्हा तेथे नवे कारखाने उभे राहत होते आणि खेड्यांतून आलेली मुले रस्त्यांवर भटकत होती. डॉन बॉस्को यांनी मुलांना आसरा दिला, प्रार्थना शिकवली, हे आपण जाणतोच. त्यांनी केलेली एक गोष्ट आपण क्वचित सांगतो. मुलांना कामावर लावताना ते मालकाशी लेखी करार करीत.

८ फेब्रुवारी १८५२ या तारखेचा असा एक करार आजही उपलब्ध आहे. एक सुतार आणि एक शिकाऊ मुलगा यांच्यातील तो करार आहे. मालकाने ठरलेल्या मुदतीत मुलाला सुतारकामाचे सर्व कसब शिकवावे. चूक झाल्यास शब्दाने समज द्यावी, मारहाण करू नये. मुलाच्या वयाला आणि शक्तीला झेपेल असेच आणि व्यवसायाशी संबंधित असेच काम सांगावे. रविवार आणि सणाचा दिवस मोकळा ठेवावा. वर्षातून काही दिवस सुटी द्यावी. वेतन टप्प्याटप्प्याने वाढवावे, अशा त्यातील अटी आहेत. मुलानेही आज्ञाधारक राहावे, मन लावून शिकावे, हेही त्यात आहे. १८५३ पासून त्यांनी स्वतःच्या आश्रमातच चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम यांच्या कर्मशाळा एकामागून एक सुरू केल्या. त्यांचे अनुयायी सलेशियन धर्मगुरू १९०६ साली तंजावरला आणि १९२८ साली मुंबईला आले आणि त्यांच्या तांत्रिक शाळांची परंपरा आपल्या डोळ्यांसमोर आहे.

त्या एका कागदात प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. त्यात आहे उस्तादाचे कर्तव्य, शिष्याचे कर्तव्य आणि दोघांच्या मध्ये जामीन म्हणून उभा असलेला एक धर्मगुरू.

स्वतंत्र भारतातील वाटचाल

आपल्या देशाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपल्या बोलण्यातील आयटीआय, उभ्या राहिल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उद्दिष्ट ठेवले की, उच्च माध्यमिक टप्प्यावरील दहा टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि पंचवीस टक्के १९९५ पर्यंत व्यवसायशिक्षणाकडे वळावेत. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयांतून किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. उद्दिष्ट मात्र गाठले गेले नाही. हाताने काम करणारा तो खालचा आणि खुर्चीवर बसणारा तो वरचा, ही आपल्या समाजाची जुनी समजूत धोरणापेक्षा बलवत्तर ठरली.

याच काळात संगणकांची जाळी भारतात आकार घेत होती. १९८६ साली एर्नेट हा प्रकल्प सुरू झाला. त्यात मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, पाच आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था सहभागी होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पण ही कालव्याच्या मुखाची हकिगत झाली. टेलला, म्हणजे तालुक्याच्या गावी, त्या वेळी आली ती एसटी स्टँडजवळच्या माडीवरील ‘कॉम्प्युटर क्लास’ची पाटी.

परदेशातही याच सुमारास एक बोधप्रद गोष्ट घडली. अमेरिकेतील शाळांनी संगणकांची जाळी विकत घेतली. परंतु ती सांभाळायला माणसे मिळेनात. सिस्को या जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने तेव्हा शाळेतील विद्यार्थ्यांनाच ती उपकरणे सांभाळण्याचे शिक्षण दिले आणि त्यातून १९९७ साली नेटवर्किंग अकादमी सुरू झाली. पुढे ती भारतासह अनेक देशांत पसरली. कंपनीचा त्यात व्यापारी हेतू होता, हे उघड आहे. पण यंत्र जिथे आहे तिथल्याच मुलाने ते सांभाळावे, हे सूत्र मोलाचे होते.

महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि २००२ पासून त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी पोचला. तो मराठीतून शिकता येतो, हे त्याचे मोठे श्रेय. लक्षावधी मुलामुलींनी, गृहिणींनी, शिक्षकांनी त्यातून संगणकाची भीती घालवली. तो साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे, कारागिरीचा नव्हे, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. बाराखडी येणे आणि खिळे पाडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारामतीत १९७२ साली स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानने २००० साली माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी केली आणि ग्रामीण मुलांना पदवीचे दार उघडून दिले. ज्यांची पायरी पदवीपर्यंत पोचत नाही, त्यांचा प्रश्न उरतोच.

कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसराने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली. १९९८ साली तेथे सत्तर गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्याचे देशभर कौतुक झाले. काही वर्षांनी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा गावकेंद्रांतील संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊसनोंदींची ने-आण करण्यापुरता होत आहे आणि त्यासाठी यंत्रांची देखभाल महाग पडत आहे, असे त्यांना आढळले. २००६-०७ च्या सुमारास काही गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाइलच्या संदेशांवर तेच काम करून पाहण्यात आले आणि ते भागले. यंत्रे गावात आली होती. यंत्रांचे कसब गावात रुजायचे राहिले होते.

हाताला काय शिकवायचे

नेटवर्किंग म्हणजे नेमके काय, हे अनेक पालक विचारतात. पाटाच्या उपमेनेच सांगतो. दोन संगणकांमधून जाणारी माहिती लहान लहान पुड्यांत बांधलेली असते. पाटाच्या पाण्यावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. या पुडीवर मात्र पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. एका इमारतीतील पुड्या योग्य यंत्राकडे वळवणाऱ्या पेटीला स्विच म्हणतात. एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात वाट दाखवणाऱ्या पेटीला राउटर म्हणतात. पत्त्यांची जुनी पद्धत बत्तीस द्विमान अंकांची असल्याने त्यात सुमारे चारशे तीस कोटी पत्तेच बसतात. जगाला ते अपुरे पडू लागले म्हणून नवी, कितीतरी मोठी पद्धत आणावी लागली.

हे फळ्यावर शिकवता येते. पण तांब्याच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन दोन तारांचे चार पीळ असतात आणि बाहेरचा विद्युत गोंगाट एकमेकांत विरून जावा म्हणून ते पीळ असतात; प्लग बसवताना पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडला, तर जोडणी कधी चालते, कधी बंद पडते, हे बोटांनाच शिकावे लागते. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम पाठ होतो तो पन्नास प्लग वाया गेल्यावर. काचेच्या तंतूचा प्रकाश वाहणारा गाभा केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो. दोन टोके स्वच्छ छाटून, विजेच्या ठिणगीने वितळवून ती सांधावी लागतात. धुळीचा कणही प्रकाश अडवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिघाड शोधणे. आधी वीज आहे का पाहा, मग तार, मग पेटी, मग पत्ता. अंदाजाने दहा गोष्टी बदलू नका, एकेक तपासा, केलेले लिहून ठेवा. मला तर यात सद्सद्विवेकाच्या परीक्षेचीच पद्धत दिसते. दोष दुसऱ्यावर ढकलण्यापूर्वी आपली जोडणी तपासून पाहणे, ही शिस्त नीतीलाही उपकारक आहे.

अशा शिक्षणाला महाल लागत नाही. चार जुने संगणक, दोन स्विच, एक राउटर, केबलचे भेंडोळे, प्रत्येक दोन मुलांमागे एक पक्कड आणि ज्याने खांबावर चढून काम केले आहे असा एक शिक्षक एवढे पुरते. कपाटाला मात्र कुलूप असता कामा नये.

संगमावर

आज या भागात कामाची वाण नाही. २०११ साली केंद्र शासनाने ग्रामपंचायतींना काचतंतूंनी जोडण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. बँक, दवाखाना, शाळा, साखर कारखाना, सीसीटीव्ही, सारे जाळ्यावर आले आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. त्याचा उल्लेख २०२५ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी जाहीरपणे केला. जमिनीतील ओलावा मोजणारी उपकरणे, हवामान केंद्र आणि उपग्रह यांची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला सल्ला देण्याची ही रीत आहे. पण उसाच्या फडातील उपकरण बंद पडले, तर ते उघडायला कोण जाणार? तो तरुण नरसिंहपूरचा असावा, लुमेवाडीचा असावा, असे वाटणे हा स्वप्नाळूपणा नव्हे.

खोटे आश्वासनही देता कामा नये. या क्षेत्रातील पहिल्या पायरीच्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात, पगार तुटपुंजा असतो, रात्रीबेरात्री धावावे लागते. म्हणूनच तुरिनमधील तो कागद मला जुना वाटत नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर विश्वपत्र लिहिले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी आपण हे नाव का घेतले ते सांगताना त्याच विश्वपत्राचे आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आव्हानाचे स्मरण केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये श्रमावरील विश्वपत्रात शिकवले की, कामाचे मोल ते करणाऱ्या माणसामुळे ठरते. नाझरेथच्या सुताराच्या घरात ज्याने तीस वर्षे घालवली, त्याच्या अनुयायांना हे नव्याने सांगावे लागू नये.

त्या तरुणाला मी शिफारसपत्र दिले नाही. त्याऐवजी जवळच्या गावात इंटरनेटची जोडणी देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे त्याला घेऊन गेलो आणि डॉन बॉस्को यांच्या कराराच्या धर्तीवर मराठीत लिहिलेला एक पानी कागद पुढे ठेवला. वर्षभर शिकवणे, सहा महिन्यांनी वाढणारे विद्यावेतन, आठवड्याची सुटी, घरगुती कामे न सांगणे आणि खांबावर चढताना कमरेला पट्टा, एवढ्याच अटी होत्या. मालक हसले. “फादर, पोरं येतात आणि जातात. कागद कशाला?” असे म्हणून त्यांनी तो परत केला. आम्ही चार वेळा गेलो. पाचव्या खेपेस त्यांनी पट्ट्याची अट वगळून सही करतो म्हटले. मी त्या अटीवर अडून बसलो, तेव्हा शेजारी उभी असलेली त्या मुलाची आई म्हणाली, “पट्टा मी घेऊन देते, पण लिव्हा तसं.” ते ऐकून मालक गप्प झाले. पट्टा त्यांनीच आणला आणि सही केली.

मुलाला लागून आठ महिने झाले आहेत. प्लग तो न पाहता बसवतो; काच सांधायला आता कुठे शिकतो आहे. बचत गटाचे कर्ज फिटायला अजून काही हप्ते आहेत. तो पुढे काय होईल, ते मी सांगू शकत नाही. मागच्या आठवड्यात त्याने फोन केला तो नरसिंहपूरच्या रस्त्यावरून. कुठेशी केबल तुटली होती आणि मजूर वाट पाहत बसले होते. या वेळी ते त्याची वाट पाहत होते.